पहिलटकरणीचे पहिले दहा दिवस

दर वर्षी हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयातील मुलामुलींना घेऊन मी शिवनेरीवर जातो. सात दरवाजे ओलांडावयाचे, वाटेत शिवाई देवीचे दर्शन घ्यावयाचे आणि शेवटी शिवजन्माच्या इमारतीपाशी येऊन थांबावयाचे, हा आमचा ठरलेला क्रम. आत पाळणा ठेवलेला आहे. तेथे उभा राहून मी तारीख सांगतो, १९ फेब्रुवारी १६३०. शहाजीराजांचे ते धावपळीचे दिवस, मुलखातील अस्वस्थता आणि गरोदर जिजाबाईंना या बळकट गडावर ठेवण्यामागचा विचार, हे सारे सांगतो. मुले वहीत टिपून घेतात.

एका वर्षी घोडेगावकडच्या एका मुलीने मला मध्येच थांबविले. तिची थोरली बहीण नुकतीच बाळंत होऊन माहेरी आली होती. ती म्हणाली, "सर, पहिल्या रात्री ते बाळ दुधासाठी रडलं असेल ना? मग कसं पाजायचं ते आऊसाहेबांना कुणी सांगितलं असेल?"

पोरे हसली. मी मात्र गप्प राहिलो, कारण उत्तर मला ठाऊक नव्हते. बखरीत गडांची नावे आहेत, लढायांच्या तिथी आहेत. पण बाळ पहिल्यांदा आईच्या छातीशी कसे लागले, हे लिहून ठेवावे असे कोणत्याही कारकुनाला वाटले नाही. आपल्या या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात आईपणाच्या खुणा काही थोड्या नाहीत. लेण्याद्रीचा गणपती गिरिजात्मज, म्हणजे आईच्या नावाने ओळखला जाणारा देव. शिवनेरी तर एका जन्मासाठीच साऱ्या महाराष्ट्राला वंदनीय. नाणेघाटातल्या लेण्यात नागनिका राणीने यज्ञांत दिलेल्या दानांची लांबलचक यादी कोरून ठेवली आहे. परंतु बाळंतिणीच्या खोलीत काय घडले, हे कोठेही कोरलेले नाही. तेथील विद्या बाया एकमेकींना तोंडाने आणि हाताने देत आल्या. अशा विद्येचे एक असते: देणारी जवळ नसली, तर ती तिथेच तुटते.

आज मला त्या तुटलेल्या विद्येविषयी बोलावयाचे आहे. मी वैद्य नाही, इतिहास शिकविणारा माणूस आहे. पण इतिहास वाचता वाचता आणि काहीसे घरात ठेच लागल्यामुळे, एक गोष्ट माझ्या मनाशी पक्की झाली आहे. आईला दूध येते ते आपोआप. बाळाला पाजणे मात्र आईलाही शिकावे लागते आणि बाळालाही. आणि आईने ते शिकण्याची वेळ बाळंतपणाच्या नंतरची नव्हे, आधीची आहे.

शिवनेरीवर जे लिहिलेले सापडत नाही, त्याचा थोडा धागा पुरंदरावर सापडतो. १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाई राणीसाहेबांची प्रकृती बाळंतपणानंतर ढासळली. बाळाला पुरेसे दूध मिळेना. तेव्हा जवळच्या कापूरहोळ गावच्या गाडे पाटलांच्या घरातील धाराऊ ही लेकुरवाळी बाई बाळाची दूधआई म्हणून आली. पुढे ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले, तेव्हा संभाजीराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. धाराऊचे नाव मराठ्यांच्या इतिहासात राहिले ते या एका कारणाने.

आपल्याकडे आईच्या धाडसाच्या कथा पुष्कळ आहेत. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेलेली हिरकणी आपण लहानपणापासून ऐकतो. आता एसटीच्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी ज्या खोल्या केल्या, त्यांनाही तिचेच नाव दिले आहे. आमच्या नारायणगावच्या विठाबाई तमाशाच्या बोर्डावरून मागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, अशी हकिकत सांगतात. या बायांच्या धैर्याला कोण हात जोडणार नाही? पण श्रोतेहो, या कथांत आई एकटी आहे. तिच्या मदतीला कोणी धावले, असे त्यांत नाही. धाराऊची गोष्ट मला अधिक मोलाची वाटते ती एवढ्यासाठी, की बाळाच्या दुधाची अडचण ही एकट्या आईची नसते, हे त्या घराने वेळेवर ओळखले.

राजघराण्याला धाराऊ मिळाली. सामान्य घरात काय होत असे? तेथेही तयारी असे. नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिले बाळंतपण माहेरी करावे, ही रीतच मुळी शहाणपणाची. सातव्या महिन्यात डोहाळजेवण व्हावयाचे, ओटी भरावयाची. सुईण आधी सांगून ठेवलेली असे. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशेपा यांची बेगमी व्हावयाची. पाचवीला पाट मांडावयाचा, सटवाईची पूजा करावयाची, बाराव्या दिवशी बारसे. शिवाय एक मोठी शाळा घरातच भरत असे. थोरली वहिनी, आत्या, शेजारची काकू, कोणी ना कोणी ओली बाळंतीण असावयाचीच. पोरगी दहा वर्षांची होईतो तिने दहा बाळांना पदराआड पिताना पाहिलेले असे. बाळ कसे धरावे, मान कोठे ठेवावी, छाती दाठरली म्हणजे काय करावे, हे सारे तिच्या नजरेखालून गेलेले असे.

पण या शाळेत एक धडा चुकीचा शिकविला जात होता, आणि तो फार महाग पडला. पहिल्या दोन-तीन दिवसांचे दाट, पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते 'जड' आहे, 'बाधते', असे समजून पिळून टाकीत. तोवर बाळाला मधाचे बोट, गुळाचे पाणी, कोठे एरंडेल, कोठे घुटी. ही समजूत आपल्याच अडाणीपणाची आहे असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या शतकात रोमी साम्राज्यात सोरेनस नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. त्याने तर पहिले वीस दिवस आईचे दूध बाळाला देऊ नये, दुसऱ्या बाईचे द्यावे, असे लिहून ठेवले. आपल्या सुश्रुतसंहितेत बाळंतपणानंतर तीन किंवा चार रात्रींनी दूध वाहू लागते असे म्हटले आहे, आणि तोवर मध-तुपाची योजना सांगितली आहे. निरीक्षण म्हणून यात खोटे काही नाही. भरघोस दूध उतरते ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशीच. चूक झाली ती एवढीच, की त्याआधी जे थेंब थेंब येते त्याची दुधात गणती झाली नाही. चरकसंहितेने मात्र जातकर्मात मध-तूप चाटविल्यावर लगेच आईचे उजवे स्तन द्यावे, असे सांगितले आहे. म्हणजे आपल्या ग्रंथांतही दोन मते होती. घरोघरी टिकले ते नेमके बाळाला थांबावयास लावणारे.

युरोपातही ही समजूत हलावयास अठरावे शतक उजाडावे लागले. लंडनच्या अनाथ बालकांच्या संस्थेसाठी डॉ. विल्यम कॅडोगन यांनी १७४८ साली एक छोटे पुस्तक लिहिले. आईचे पहिले दूध हेच बाळाचे पोट साफ करणारे औषध आहे, असे त्यात त्यांनी मांडले.

आता आपल्या इकडचे एक उदाहरण सांगतो. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांनी गेला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला, सात समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. ते बाळ कशाने गेले, यावर मी येथे तर्क लढवीत नाही. पण दहा दिवस, हा आकडा ध्यानात ठेवा. जन्मानंतरचे पहिले दहा दिवस हेच बाळाच्या आयुष्यातले अत्यंत नाजूक दिवस, आणि पाजण्याच्या बहुतेक अडचणी उभ्या राहतात त्याही याच दिवसांत.

हे सारे मी पुस्तकांत वाचले होते. वाचून घरात काय उजेड पाडला, तेही सांगितले पाहिजे.

माझ्या पत्नीचे माहेर आंबेगाव तालुक्यातले. आमची थोरली मुलगी जन्मली ती एका दवाखान्यात. सासूबाई होत्या, माझी आई होती. माणसांची वाण नव्हती. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या रात्री मुलगी रडू लागली ती थांबेचना. दर घटकेला छातीशी धरावी, तिने दोन घोट चोखावे आणि पुन्हा टाहो फोडावा. कोणी म्हणाले, "दूधच नाही आलेलं, वरचं आणा." आई म्हणाली, "आमच्या वेळी चीक पिळूनच टाकायचे. तीन दिवस दम धरा." पत्नी रडवेली झाली. आणि मी, इतिहासाचा एम.ए., रात्री अकरा वाजता औषधाच्या दुकानाचे दार ठोठावून दुधाच्या भुकटीचा डबा आणि बाटली घेऊन आलो. मोठे काम केले असे मला वाटले.

मुलगी बाटली पिऊन झोपली. चौथ्या दिवशी पत्नीचे दूध उतरले, छाती दगडासारखी झाली. पण मुलीला आता बाटलीची सवय लागली होती, ती छाती धरीना. दूध साकळले, बाईला थंडीताप भरला. विसाव्या दिवशी मुलीला हगवण लागली आणि चार दिवस तिला सलाईनवर ठेवावे लागले. ती वाचली; आज दहावीत आहे. पण त्या चार रात्री मी अजून विसरलो नाही.

यातली खरी गंमत पुढेच आहे. गंमत म्हणावी की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा. त्याच आठवड्यात सासुरवाडीच्या गोठ्यात म्हैस व्याली होती. सासरे रात्रभर जागले, रेडकू उभे राहताच त्याला त्यांनी कासेला लावले. "पहिला चीक पोटात गेला नाही तर रेडकू हगवणीनं जातं," असे ते मला दुसऱ्या दिवशी सांगत होते. उरलेल्या चिकाचा गूळ-वेलची घालून खरवस केला आणि चार घरी वाटला. आम्ही सगळे तो खरवस खात बसलो होतो, आणि आतल्या खोलीत आमच्या लेकराच्या वाट्याचा चीक वाया चालला होता. जे ज्ञान गोठ्यात होते, ते माजघरात आले नव्हते.

शास्त्राच्या दृष्टीने एक फरक सांगितला पाहिजे. वासराला किंवा रेडकाला रोगाशी झगडण्याची शक्ती जवळजवळ सारी चिकातूनच मिळते. माणसाच्या बाळाला तिचा काही वाटा पोटात असतानाच वारेतून मिळालेला असतो. पण आतड्याचे रक्षण करणारी जी द्रव्ये आहेत, ती आईच्या चिकात विपुल असतात, आणि त्यांना दुसरी तोड नाही. चिकाला बाळाची पहिली लस म्हणतात ते उगाच नाही.

आता त्या दुसऱ्या रात्रीविषयी. ती रात्र काय असते हे आम्हांला कोणी आधी सांगितले असते, तर मी दुकानाकडे धावलो नसतो. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावते, आणि आईचा चीकही तेवढाच येतो. ती निसर्गाने घातलेली जोडी आहे. दुसऱ्या रात्री बाळ वारंवार छातीशी येऊ पाहते, ते उपाशी मरते म्हणून नव्हे. त्याच्या चोखण्यानेच आईच्या शरीराला दूध तयार करण्याचा निरोप जातो. जितके चोखणे, तितके दूध. पान्हा फुटण्यासाठी आईचे मनही निवांत लागते. भीती, वेदना आणि भोवतालचे टोमणे यांनी पान्हा आखडतो. आपण काय करतो? बाळ मागू लागले की वरचे दूध देऊन त्याला निजवितो, म्हणजे निरोप्यालाच झोपवितो. मग दूध कमी येते, आणि आपण म्हणतो, "पाहा, दूध नव्हतंच!"

म्हणून सातव्या महिन्यापासून पहिलटकरणीला आणि तिच्या घरच्यांना या गोष्टी सांगून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत ते आईच्या उघड्या छातीवर द्यावे. पोट फाडून बाळंतपण झाले असले तरीही आई शुद्धीवर असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर मदतीने हे जमते. मध, गूळपाणी, घुटी, साधे पाणी, काही नको. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित भयंकर विषबाधा होते, असे आता कळले आहे.

दुसरी गोष्ट, बाळ धरण्याची. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले, डोके व अंग एका रेषेत. बाळाने मोठा आ केला म्हणजे त्याला छातीकडे आणावे. आईने वाकून छाती बाळाच्या तोंडात कोंबू नये. नुसते बोंड नव्हे, तर भोवतीचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला पाहिजे. पहिले काही क्षण थोडे दुखेल; पण पाजताना सतत कळ येत असेल, बोंडाला चिरा पडत असतील, तर पकड चुकली आहे असे समजावे. करंगळी हळूच बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून घालून सोडवावे आणि पुन्हा लावावे. दात-ओठ खाऊन सोसणे म्हणजे मातृत्व नव्हे. गरोदरपणी बोंडे ओढण्या-चोळण्याची पूर्वीची पद्धत होती, तिचीही गरज नाही.

तिसरी गोष्ट, मोजदाद. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे, रात्रीचे पाजणे टाळू नये. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये, लंगोटांवरून ठरवावे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी झाली, आणि काळी चिकट शी जाऊन पिवळी होऊ लागली, तर दूध पुरते आहे. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते, शेकडा ७ पर्यंतची घट बहुधा नेहमीचीच. दोन आठवड्यांत ते भरून येते. घट १० च्या पुढे जाऊ लागली तर मात्र डॉक्टरांनी पाहिलेच पाहिजे.

चौथी गोष्ट, छाती दाठरणे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी छाती जड व गरम होईल, हे आईला आधी माहीत असावे. अशा वेळी पाजणे बंद करावयाचे नाही, उलट वारंवार पाजावयाचे. आधी थोडे दूध हाताने काढले म्हणजे छाती मऊ होते आणि बाळाला धरता येते. नंतर गार पाण्याची घडी ठेवावी. बाळ अशक्त असेल, चोखत नसेल, तर काढलेला चीक स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावा. आपल्या आज्यांचे बोंडले होते, तेही उकळून स्वच्छ केलेले असेल तर चालते. बाटली नको.

अळीव-डिंक खावेत की नाही, असे बाया विचारतात. अवश्य खावेत, बाळंतिणीच्या अंगाला ताकद हवीच. पण दूध वाढते ते बाळाच्या चोखण्याने. लाडू त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि हेही सांगून ठेवावे: बाळ पिईनासे झाले, मलूल किंवा गार पडले, तापले, पिवळे दिसू लागले, लघवी कमी झाली, किंवा आईला ताप येऊन छाती एका जागी लाल, कठीण झाली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, दवाखाना गाठावा. वरचे दूध कधी खरोखरच लागतेही. पण ते डॉक्टरांनी ठरवावयाचे, शेजारणीने नव्हे. आणि माझ्यासारख्या घाबरलेल्या नवऱ्याने तर मुळीच नव्हे.

श्रोतेहो, या कामी आपला महाराष्ट्र मागे नाही, हेही सांगितले पाहिजे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातांच्या दुधाची पेढी सुरू केली. ती आशियातली अशी पहिली पेढी मानली जाते. एका आईचे जास्तीचे दूध तपासून, निर्जंतुक करून, दुसऱ्या आईच्या अशक्त बाळाला द्यावयाचे. धाराऊचेच काम, पण शास्त्राच्या शिस्तीने. १९९१ साली वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९९२ साली संसदेने कायदा करून बाळांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात बंद केली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकविली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. त्याच धर्तीवर २०११ पासून आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यावे, असा नियम आहे.

मग अडते कोठे? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पाहा. देशात सुमारे ८९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. पण तासाभरात आईच्या अंगावर घेतलेली मुले सुमारे ४२ टक्केच निघाली. महाराष्ट्राचा आकडा थोडा बरा, निम्म्याच्या जरा वर. म्हणजे आई दवाखान्यापर्यंत पोहोचली, ज्ञान मात्र तिच्यापर्यंत पोहोचले नाही. आशा ताई तिसऱ्या दिवशी येते, आणि डबा दुसऱ्या रात्रीच घरात येऊन बसलेला असतो! आमच्या घरी हेच झाले.

तेव्हा ही शाळा आधी भरली पाहिजे. जागा शोधावयास दूर जाणे नको. घोडेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरापर्यंत आणि जुन्नरच्या पश्चिमेला घाटमाथ्यापर्यंत आदिवासी वाड्या आहेत; पावसाळ्यात तेथून दवाखाना गाठणे सोपे नसते. राज्य शासनाने आदिवासी भागांसाठी २०१५ साली अमृत आहार योजना आखली, ती गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण देण्यासाठी. पोटुशी आणि ओली बाळंतीण एका पंगतीला बसल्या, तर याहून चांगला वर्ग कोणता? जेवणानंतर अर्धा तास, एकीने पाजावे आणि दुसरीने पाहावे. जुन्या वाड्यातली ती नजरेची शाळा अशी परत मिळू शकते, चिकाचा तो चुकीचा धडा तेवढा वगळून.

आमच्या धाकट्या मुलाच्या वेळी आम्ही हेच केले. गावच्या आशा ताई आठव्या महिन्यात घरी आल्या. त्यांनी उशीला बाळासारखे धरून पत्नीला दाखविले, आईलाही समोर बसविले. आईने सारे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "म्हशीला कळतं ते आम्हांला कुणी सांगितलंच नाही गं." दुसऱ्या रात्री मुलगा रडला, अगदी तसाच. आईनेच त्याला उचलून सुनेच्या छातीशी दिले, आणि मला म्हणाली, "तू जा, झोप जा." मी झोपलो नाही, बाहेर ओट्यावर बसून राहिलो. पहाटे केव्हातरी आतला आवाज थांबला.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वरच्या वर्गात शरीरशास्त्राचा धडा येतो, तेव्हा मुलींबरोबर मुलांनाही हे सांगा. संकोच वाटू देऊ नका. उद्या रात्री अकरा वाजता दुकानाकडे धावणारा तोच आहे. आणि घरोघरीच्या सासूबाईंना, आज्यांना माझे सांगणे असे, की डोहाळजेवणाच्या दिवशी सुनेची ओटी भरून झाली म्हणजे तिला जवळ बसवा, आणि दुसऱ्या रात्रीची गोष्ट सांगा.

शिवनेरीवर त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अजूनही देता आलेले नाही. कागदपत्रांत ते नाही. गेल्या वर्षी ती भेटली. आता तिलाच दिवस गेले आहेत. मी तिला आशा ताईंकडे कधी जाणार, असे विचारले. म्हणाली, "सर, पुढच्या मंगळवारी. ह्यांनाही घेऊन जाणार आहे."